परवान्यातला नाग

२०२५ साली नागपंचमी २९ जुलैला होती. तिच्या निमित्तानं सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात २७ ते ३१ जुलै या पाच दिवसांसाठी २१ नाग पकडायला केंद्राच्या पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयानं परवानगी दिली. परवानगीच्या कारणात पूजा हा शब्द नव्हता. सापांच्या संवर्धनाचं पारंपरिक ज्ञान गावातल्या तरुणांपर्यंत पोचावं, असं शैक्षणिक प्रयोजन त्यात लिहिलं होतं. जोडीला अटी होत्या. करमणूक नको, व्यापार नको, एकही नाग दगावता कामा नये आणि शेवटी सगळे आपापल्या अधिवासात सोडून द्यायचे. जिथे जिवंत नागाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुकांना खीळ बसली, त्या गावाला ही वाट बऱ्याच वर्षांनी मोकळी झाली. कागदावर प्रश्न सुटला. पण सुटला तो एका शब्दाच्या आधारानं, आणि तो शब्द साधा नाही. शिक्षणासाठी नाग धरायचा म्हटलं, की धरल्यानं काय कळतं हे विचारावंच लागतं. जे पूज्य आहे ते मुठीत घेतल्यानं जवळ येतं की दुरावतं, हा तर धर्माचा फार जुना प्रश्न आहे. परवान्याच्या निमित्तानं तो पुन्हा वर आला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ मारणं असा नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकलणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे वारुळातून नाग काढून मडक्यात ठेवणारा कितीही भक्तिभावानं हात जोडत असला, तरी कायद्याच्या भाषेत त्यानं शिकार केलेली असते. शिकारीवरच्या बंदीला कलम १२ मध्ये काही अपवाद आहेत. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वैज्ञानिक व्यवस्थापन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयं आणि वस्तुसंग्रहालयं यांच्यासाठी नमुने गोळा करणं, आणि जीवरक्षक औषधांसाठी सापाचं विष काढणं. यांपैकी एखाद्या कारणासाठी मुख्य वन्यजीव रक्षक कारण लिहून परवाना देऊ शकतो. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणून शिराळ्याची फाइल दिल्लीपर्यंत गेली. या यादीत एक गोष्ट लक्षात येते. वैज्ञानिक व्यवस्थापन म्हणजे काय याचं स्पष्टीकरण कायद्यानं दिलं आहे. शिक्षण मात्र यादीत सर्वांत आधी येतं आणि त्याची व्याख्या कुठेच नाही. कुणी कुणाला काय शिकवायचं आणि शिकलं हे कशावरून ठरवायचं, याबद्दल कलम गप्प आहे. या गप्पपणाचा फायदा कुणीही घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला खोटं बोलावंही लागत नाही. जगातली कुठलीही गोष्ट थोडीफार शिकवणारी असतेच.

तुलनेसाठी दुसरीकडचा परवाना पाहू. इंग्लंडमध्ये १९७६ चा धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा आहे. तिथे नाग किंवा घोणस घरी पाळायची असेल तर स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, आणि परवाना देणारा मुख्यतः शेजाऱ्यांच्या जिवाचा विचार करतो: पिंजरा पक्का आहे का, विमा आहे का, माणूस जबाबदार आहे का. कायद्यात बसून पाळलेला साप त्याच्या मालकाचाच असतो. आपल्याकडे मुळात तसं धरलेलंच नाही. बेकायदा पकडलेला किंवा पाळलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, आणि परवाना मिळाला तरी तो ठरावीक कामापुरता, ठरावीक दिवसांपुरता. मालकीची कल्पनाच इथे अंग चोरून बसलेली आहे, आणि मला ती आपल्या परंपरेला जास्त जवळची वाटते. म्हणून शिराळ्यात कायदा एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला असं जे चित्र काढलं जातं, ते मला पटत नाही. श्रद्धेच्या आतच दोन वाटा आहेत. कायदा त्यांतल्या एकीच्या बाजूला उभा आहे, आणि ती काही परकी वाट नाही.

नागपंचमीला घरोघरी काय करतात आणि काय करत नाहीत ते आठवून पाहावं. शेतात नांगर घालायचा नाही, जमीन खणायची नाही, विळी घेऊन चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही. पुरणाची दिंडं उकडायची. पाटावर गंधानं नाग काढायचे किंवा मातीचा नाग आणायचा, दूध-लाह्या दाखवायच्या. करायच्या गोष्टींपेक्षा न करायच्या गोष्टींची यादी मोठी आहे, आणि बहुतेक निषेध एकाच दिशेनं जातात: आज हात आवर, जमिनीच्या पोटात कुणीतरी राहतंय. श्रावणातल्या कहाणीतही तेच आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात, चिडलेली नागीण त्याच्या घरच्या सगळ्यांना डसते आणि सासरी असलेल्या लेकीला डसायला तिच्या गावी जाते. तिथे पाहते तर लेक पाटावर नाग काढून पूजेत बसलेली. नागीण विरघळते, अमृत देते, माहेर पुन्हा जिवंत होतं. या कहाणीत जिवंत नागीण आहे, पण तिला कुणी आणलेलं नाही. ती आपण होऊन आली. आणि तिचं समाधान झालं ते रेषांनी काढलेल्या नागानं. परंपरेला आपल्या देवतेबद्दल काय वाटतं हे परंपरेनंच इतकं स्पष्ट सांगून ठेवलं असताना, चित्रातला नाग कमअस्सल आणि मडक्यातला अस्सल, ही प्रतवारी आली कुठून?

ती शिराळ्यात गोरखनाथांच्या कथेतून आली, असं उत्तर मिळेल, आणि ते उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. भिक्षेला आलेल्या गोरखनाथांना दारात उशीर झाला, कारण घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. खऱ्या नागाची करशील का, असं नाथांनी विचारलं, तिनं हो म्हटलं आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पूजला जाऊ लागला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, गाभा एवढाच. पण या गाभ्यात कर्तृत्व कुणाचं आहे? नाग नाथांच्या सामर्थ्यानं समोर येतो, बाईनं दाखवला तो निर्भय भाव. चिमटा, काठी, कुदळ यांपैकी काहीही तिच्या हातात नव्हतं. जे प्रसाद म्हणून एकदा मिळालं, ते दर वर्षी पाच दिवस मोहीम काढून मिळवायचं ठरलं की कृपेची जागा खटपट घेते. आपल्या मूर्तिपूजेनं हा धोका फार पूर्वी ओळखलेला आहे. मातीच्या गणपतीत आपण आवाहन करतो, प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवसानं किंवा दहा दिवसांनी विसर्जन करतो. देव पाहुणा म्हणून येतो, निरोप घेऊन जातो, माती पाण्यात विरघळते, हातात काही उरत नाही. पकडलेल्या नागाला आवाहन करावं लागत नाही, कारण त्याला यायचं की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं. त्याला सोडून देणं याला विसर्जन म्हणणंही अवघड आहे. ती सुटका असते, आणि सुटका ज्याला कोंडलं त्याचीच होते.

आता शिक्षणाकडे. ज्ञानाबद्दल बोलताना आपली भाषा पकडीचे शब्द वापरते, हे एकदा मान्य करून टाकावं. आकलन म्हणजे मुळात धरणं, ग्रहण म्हणजे घेणं, धारणा म्हणजे धरून ठेवणं. न समजलेली गोष्ट डोक्यावरून जाते आणि समजलेली हाती लागते. धरल्याशिवाय कळत नाही हा समज भाषेतच इतका मुरलेला असेल, तर नाग हातात घेणाऱ्याला नाग सर्वांत जास्त कळला असं वाटणं साहजिक आहे. आणि गंमत अशी, की ज्ञान म्हणजे साप पकडणं ही उपमा भारतीय तत्त्वज्ञानात खरोखरच आहे. पाली मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात बुद्धानं ती दिली. अरिट्ठ नावाच्या भिक्खूनं शिकवणुकीचा उलटा अर्थ लावला, त्या प्रसंगी बुद्ध म्हणतात की धर्म चुकीच्या जागी धरणारा माणूस सापाला वेटोळ्यात किंवा शेपटीला पकडणाऱ्यासारखा असतो. साप उलटतो आणि त्याच्याच हाताला चावतो. नीट धरणारा दुबेळक्या काठीनं मान दाबून मग हात घालतो. चुकीची पकड कोणती, याचं उदाहरणही तिथेच आहे: दुसऱ्यावर टीका करता यावी, वादात जिंकता यावं, म्हणून धर्म पाठ करणं. ज्याला दाखवण्यासाठी ज्ञान हवं, त्याचा हात शेपटीवर आहे.

यावर कुणी चटकन म्हणेल, मग बुद्धही नीट धरायलाच सांगतात, न धरायला नाही. बरोबर आहे, उपमा तिथवर पकडीच्या बाजूचीच आहे. पण त्याच सुत्तात पुढे दुसरी, जास्त प्रसिद्ध उपमा येते ती तराफ्याची. नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरायचं नसतं. धरायचं ते पार होण्यापुरतं आणि मग सोडायचं. दोन्ही उपमा एकत्र वाचल्या तर शिक्षणासाठी काही धरण्याच्या तीन कसोट्या हाती येतात: गरज आहे का, पकड योग्य जागी आहे का, सोडण्याची तयारी आहे का. शिराळ्याच्या परवान्यातली सोडण्याची अट तिसरीत बसते. पकडीचं कौशल्य म्हणाल तर गावातल्या जाणत्यांकडे ते आहे, मागावरून नाग शोधून त्याला इजा न करता उचलणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. अडतं ते पहिल्या कसोटीपाशी. कलमातला शिक्षण हा शब्द मागतो तेही हेच. कोणती नदी ओलांडायची आहे?

नदी तर समोरच आहे, आणि तिला पूर आलेला आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं मांडला. मेलेल्यांत पाव हिस्सा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा होता. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात, घरीच झाले आणि निम्मे पावसाळ्यात. नागपंचमी येते तीही भर पावसात. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं राष्ट्रीय उद्दिष्ट केंद्रानं २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यासाठी लोकांना काय कळायला हवं? रात्री बॅटरी घेऊन चालावं. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, कारण मण्यार झोपेतल्या माणसाला चावते आणि कित्येकदा दंशाची खूणही दिसत नाही. घराला लागून सरपण, गवत, दगडांचे ढीग ठेवू नयेत. धान्य उघडं ठेवलं की उंदीर येतो आणि उंदरामागून साप. चावल्यावर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, देवळात किंवा मांत्रिकाकडे न्यायचं नाही, दंश झालेला अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठायचा आणि प्रतिविष घ्यायचं. या यादीत जिवंत नागाचं काम कुठे आहे, हे मला शोधूनही सापडलं नाही. चित्र, फलक, गावातली आशाताई आणि वीस मिनिटं, एवढ्यात हे सगळं सांगून होतं.

उलट हातात धरलेला नाग पुष्कळ चुकीचं शिकवतो. माणसासमोर उभारलेला फणा हा नागाचा बचाव असतो, त्याला पळायला वाट उरलेली नसते. पाहणाऱ्याला तो आशीर्वाद वाटतो, डोलणं वाटतं. सापाला बाहेरचा कान नसतो आणि तो पुंगीच्या हालचालीवर मान वळवतो, पण समोरच्याला सूर ऐकणारा रसिक दिसतो. नागाच्या आहारात दूध नाही, तरी वाटीत तोंड दाबलेला नाग पाहिलेलं मूल जन्मभर उलटंच सांगत राहतं. सर्वांत मोठा चुकीचा धडा निर्भयतेचा. सराईत हातात नाग शांत दिसतो, ते पाहून शेजारच्या पोराला आपल्यालाही जमेल असं वाटतं. सापाचा खरा स्वभाव निसटून जाण्याचा आहे. माणसाची चाहूल लागली की तो वाट सोडतो, आणि म्हणूनच आपल्या आयुष्यात आपल्याजवळून गेलेले बहुतेक साप आपल्याला दिसलेलेच नसतात. धरलेल्या नागात हा स्वभाव दिसू शकत नाही, कारण पकडीनं पहिला घाव त्यावरच घातलेला असतो. अद्वैत वेदान्तात दोरीवर भासणाऱ्या सापाचं उदाहरण प्रसिद्ध आहे, गौडपादांच्या कारिकांपासून ते चालत आलं. अंधुक उजेडात दोरी साप वाटते, उजेड आला की भीती मावळते. शिराळ्यातल्यासारख्या खेळांत याच्या बरोबर उलट घडतं. भर उजेडात, शेकडो डोळ्यांसमोर, सापाची दोरी होते. तिला उचलता येतं, गळ्यात घालता येतं, तिच्यासोबत फोटो काढता येतो. भ्रम हाही आहे, आणि पहिल्यापेक्षा महागातला. दोरीला भिऊन पळालेला माणूस फार तर धडपडतो.

शिराळ्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. ज्यांनी कायदा वाचलेला नाही, ज्यांना अनुसूची ठाऊक नाही, अशा लोकांनी नागाला देव मानलं म्हणून त्याला काठीनं ठेचलं नाही. बाकीच्या महाराष्ट्रात साप दिसला की पहिली हाक काठीची असते. जवळिकीतून प्रेम येतं, प्रेमातून रक्षण. जिवंत नाग लांब नेलात तर पुढच्या पिढीला त्याच्याबद्दल काय वाटणार, फक्त भीती? हा युक्तिवाद मी खरा मानतो. फक्त त्यातला एक दुवा तपासायला हवा. रक्षण नात्यातून आलं आहे हे कबूल, पण ते नातं पकडण्यातूनच आलं का? केरळात घराच्या आवारातला एक कोपरा सर्पकावू म्हणून राखून ठेवतात. तिथली झाडं तोडायची नाहीत, दिवा लावायचा आणि परत फिरायचं. सापाला जागा देणं हीच तिथली पूजा आहे. आपल्याकडच्या देवरायांचा न्याय तोच, फांदीलाही हात लावायचा नाही. नागाला देव मानून, त्याला न मारता आणि न पकडता पिढ्या काढलेल्या माणसांची उदाहरणं अशी आपल्या शेजारीच आहेत. म्हणजे नातं टिकवायला मडकं लागतंच असं सिद्ध होत नाही. शिराळ्याच्या लोकांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शंका एवढीच, की त्या प्रेमाला इतकंच सुचतं का.

या जागी महाभारताच्या आदिपर्वातली रुरूची गोष्ट मला शिक्षणाची सर्वांत चांगली व्याख्या वाटते. लग्नाआधीच रुरूच्या नियोजित वधूला, प्रमद्वरेला, साप चावला. आपलं अर्धं आयुष्य देऊन त्यानं तिला परत मिळवलं, आणि मग दिसेल तो साप मारत सुटला. एक दिवस त्यानं डुंडुभावर दंडा उगारला. डुंडुभ म्हणजे बिनविषारी साप, आपल्या दिवडासारखा. तो बोलला. माणसांना डसणारे ते वेगळे, आम्ही फक्त नावाचे साप, फरक ओळख आणि मग हात उचल. नंतर तो आपली हकिगत सांगतो, आणि ती शिराळ्याच्या चर्चेत कुणीतरी आणायला हवी होती. तो पूर्वी ऋषी होता. अग्निहोत्रात बसलेल्या मित्राला त्यानं गंमत म्हणून गवताचा साप करून घाबरवलं. मित्र मूर्च्छित पडला, आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं शाप दिला, की तुझा साप जसा निर्वीर्य होता तसाच तू होशील. सापाचा खेळ करणाऱ्याला इथे साप व्हावं लागलं, आणि साप झाल्यावर त्यानं शिकवलं ते काय, तर सापासापांतला फरक आणि अहिंसा. सरसकट मारणारा रुरू आणि करमणुकीसाठी साप बनवणारा ऋषी, दोघांची चूक एकाच जातीची आहे. दोघांनाही समोरच्या सापापेक्षा आपलंच काहीतरी मोठं वाटत होतं, एकाला सूड, दुसऱ्याला थट्टा.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. शहरातलं सर्पोद्यान तिकीट लावून काचेमागे नाग दाखवतं तर ते शिक्षण, आणि खेड्यातल्या माणसानं पाच दिवस नाग ठेवला तर ती शिकार, हा कुठला न्याय? पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले आणि लोकांनी त्याकडे सापांबद्दलचं प्रबोधन म्हणूनच पाहिलं. मग नागपंचमीलाच वेगळी फूटपट्टी का? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. फूटपट्टी एकच असावी, आणि ती लावली तर कित्येक सर्पोद्यानांनाही घाम फुटेल. काचेमागचा सुस्त अजगर बघून टिचक्या मारणाऱ्या मुलांना तिथे काय कळतं, हे कुणी तपासत नाही. खैरे यांच्या प्रयोगाबद्दल मात्र एवढं म्हणता येतं, की त्याचा दावा नेमका होता आणि खोटा पडू शकणारा होता. डिवचलं नाही तर साप आपणहून अंगावर येत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं आणि पणाला लागला तो त्यांचा स्वतःचा जीव. शिक्षण म्हणवणाऱ्या प्रत्येक प्रयोगाकडे इतका नेमका दावा असावा. पारंपरिक ज्ञान हा शब्द मोठा आहे, पण त्या ज्ञानातलं एखादं वाक्य तरी सांगा, असं परवाना देणाऱ्यानं विचारायला हवं.

आणि असं ज्ञान नक्की आहे. ते हातात असतं, बोटांत असतं, शब्दांत उतरत नाही. पाऊस पडून गेल्यावर कोणत्या बांधाला नाग निघेल, मातीवरची रेघ कालची की आजची, हे पुस्तकात सापडत नाही. तमिळनाडूत इरुळा लोकांकडे हेच होतं. सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला तेव्हा त्यांची विद्या कायद्याबाहेर पडली. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, परवान्यानं साप पकडून काही दिवस ठेवायचे, विष काढायचं, परत सोडायचे. देशातल्या प्रतिविषाला लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तिथून येतो, आणि त्या समाजातल्या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही साप पकडलाच जातो, म्हणजे पकडीलाच माझा विरोध आहे असं नाही. त्या पकडीच्या टोकाला दवाखान्यात पडलेला एक माणूस आहे, एवढा फरक आहे. आपल्या गारुड्यांच्या वाट्याला असा पूल आला नाही. त्यांची पुंगी गेली, टोपली गेली आणि विद्या भीक मागण्यात विरली. काहींनी नागाचे विषदंत पाडण्याची, तोंड शिवण्याची क्रूरता केली हे खरं. पण तेवढ्यावर सगळी विद्या टाकून देणं हा आळस होता, आणि त्यात धर्मही नव्हता नि विज्ञानही.

म्हणून हातातली विद्या पुढच्या पिढीला द्यायची तर तिची शाळा कुठे भरवायची, हा खरा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर पाच दिवसांच्या परवान्यात बसत नाही. पावसाळ्यात शिराळ्याच्या आसपासच्या प्रत्येक गावात कुणाच्या तरी न्हाणीघरात, गोठ्यात, विहिरीत साप निघतो. त्या घरातून सर्पमित्राला फोन जातो. तो नाग उचलावाच लागणार असतो, नाहीतर काठी पडते. ज्या जाणत्याला नाग कळतो त्यानं दोन तरुणांना बरोबर न्यावं, वनखात्यानं त्यांना ओळखपत्र, चिमटा, लांब बूट, विमा द्यावा, आणि पकडलेला नाग जवळच्याच योग्य जागी लगेच सोडावा. इथे विद्यार्थी नागाला शोधत फिरत नाही, नाग त्याच्या दारी येतो, कहाणीतल्या नागिणीसारखा. कसोट्या तिन्ही पुऱ्या होतात. गरज असते, पकड असते, सोडणं असतं. आणि ज्या बाईच्या न्हाणीघरात तो निघाला, तिला तिथल्या तिथे, भीतीनं कान टवकारलेले असताना, ती वर सांगितलेली यादी ऐकवता येते. गर्दीत कुणी ऐकत नाही.

श्रद्धेच्या हक्काचं काय, हे राहिलं. घटनेचं २५ वं कलम धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ५१ क कलम सजीवांबद्दल कणव हे नागरिकाचं कर्तव्य सांगतं. जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांनी केलेल्या दुरुस्त्या मान्य केल्या. म्हणजे न्यायालयांचा काटाही एकाच जागी थांबलेला नाही. शिराळ्यानं धर्माच्या हक्काऐवजी शिक्षणाच्या कलमाचं दार ठोठावलं हे वकिली डोक्यानं शहाणपणाचं होतं, त्यावर हसण्यात अर्थ नाही. पण त्या दारातून आत येताना गावानं एक गोष्ट कबूल केली. पूजेला कुणी प्रश्नपत्रिका देत नाही, भक्ताला काय मिळालं हे त्याचं त्यालाच ठाऊक. शिक्षणाला ती सवलत नाही. शिकवलं म्हणणाऱ्याला, कुणाला काय येऊ लागलं, हे दाखवावं लागतं. परवान्यावर पकडायच्या आणि सोडायच्या नागांचा आकडा होता, २१ धरायचे, २१ परत सोडायचे. मला आणखी एक रकाना हवासा वाटतो. गर्दीत मागे उभी असलेली दहा वर्षांची मुलगी, जिला नाग धड दिसलाही नाही, तिला आज रात्री आईला साप चावला तर काय करायचं ते सांगता येतं का? परवान्याची मुदत ३१ जुलैला संपली, आणि पावसाळ्याचे दोन महिने अजून बाकी होते.